तुसातली अंडी

आमच्या अंजनवेलच्या घरात अंड्यांच्या तीन जागा होत्या आणि कुठलं अंडं कुठल्या जागी जायचं, हे फक्त आजी ठरवायची. पडवीच्या कोपऱ्यात एक जुनी टोपली असायची. तिच्यात पेंढा आणि पेंढ्यात कायम एक अंडं. ते उचलायचं नाही, कारण त्याच्या ओढीनं कोंबडी रोज तिथंच येऊन बसायची. ते एक अंडं कुणी उचललं तर बाईसाहेब रुसून करवंदीच्या जाळीत नवी जागा शोधणार आणि मग त्या अंड्यांवर पहिला हक्क मुंगसाचा. दुसरी जागा माजघरातली तुसाची मडकी. खायची, विकायची, कुणाला द्यायची अंडी त्यांत. तिसरी जागा शिंक्यावरची परडी. तिच्यातली अंडी रवणीची, म्हणजे खुडूक बसलेल्या कोंबडीखाली ठेवायची. त्यांना हात लावणाऱ्याला आजी भाकरी थापता थापता उलथनं दाखवायची.

आता त्याच घरात खायच्या-विकायच्या अंड्यांना एकच जागा आहे, फ्रिजच्या दारातली. खरं तर फ्रिजमधली सगळ्यांत वाईट जागा तीच. दार उघडलं की गरम हवा, मिटलं की गार, आणि वर प्रत्येक वेळी हिसका. तरी कंपन्या खाचा तिथंच पाडतात आणि आपण निमूटपणे अंडी तिथंच रचतो.

तुसाचं मडकं हे प्रकरण वरवर साधं दिसतं, पण त्याला रीत होती. भातगिरणीतून आणलेलं तूस आधी अंगणात खडखडीत वाळवायचं. मडक्याच्या तळाशी चार बोटं थर. त्यात अंडी टोकदार बाजू खाली करून उभी रोवायची, एकमेकांना चिकटू द्यायची नाहीत, मग वर पुन्हा तूस. टोक खाली का, तर अंड्याच्या बोथट बाजूला आत हवेची पोकळी असते. ती वर राहिली की बलक मध्ये राहतो, कवचाला चिकटत नाही. आजीला पोकळी ठाऊक होती, नाव ठाऊक नव्हतं. पण मडक्याची अडचण अशी की जुनं अंडं तळाला जातं आणि हात पडतो तो वरच्या ताज्यावर. त्यावर तिचा तोडगा म्हणजे दोन मडकी. एक भरत असताना दुसरं रिकामं करायचं. शिवाय मडक्यातल्या अंड्यांवर दर आठवड्याला चुलीतल्या कोळशानं एक रेघ वाढायची. पहिल्या आठवड्याला एक, दुसऱ्याला दोन. तीन रेघांचं अंडं दिसलं की त्या दिवशी घरात पोळी व्हायची, अंड्याची, मिरची-कोथिंबीर घातलेली. आम्ही पोरं तीन रेघांची वाट बघायचो.

आषाढ लागला की तूस बाद. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि अंजनवेल तर वाशिष्ठीच्या मुखाशी, तीन बाजूंनी पाण्याची हवा. तूस ओल धरतं, त्याला बुरशी येते, बुरशीचा वास कवचातून आत शिरतो. मग मडक्यात चाळलेली राख यायची. राख कोरडी, ओल शोषून घेणारी, आणि चूल पेटती असेपर्यंत फुकट. सरकारी पुस्तिकांमधून अंडी ठेवायची आणखी एक युक्ती सांगितलेली असते, की पाण्याच्या माठाभोवती ओली वाळू ठेवा आणि अंडी त्यात गार राहतील. विदर्भात, मराठवाड्यात ती चालत असेल. आमच्याकडे हवाच इतकी दमट की वाळूतलं पाणी उडणार कधी आणि गारवा येणार कुठून. ते लिहिणाऱ्यानं खाडीकाठी एक पावसाळा काढायला हवा होता.

अंडं धुवायचं नाही, हा मात्र बारमाही कायदा. टोपलीतून आणलेल्या अंड्याला विष्ठा लागलेली असली तर कोरड्या फडक्यानं किंवा काथ्यानं पुसायची. कुणी विहिरीवर नेऊन घासायला लागलं की मागून आवाज यायचा, "धुऊ नको रे बाबा, धुतलेला अंडा टिकत नाय." यामागचं कारण पुढे शेतकी पुस्तकांत सापडलं. अंडं बाहेर येतानाच त्याच्या कवचावर एक पातळ ओलसर थर असतो. तो काही क्षणांत सुकतो आणि कवचाला असलेली हजारो सूक्ष्म छिद्रं बुजवून टाकतो. धुतलं की तो थर जातो. आतली ओल बाहेर जायला आणि बाहेरचे जंतू आत यायला वाट मोकळी होते. गंमत म्हणजे याच मुद्द्यावर जग दोन भागांत वाटलं गेलंय. अमेरिकेत व्यापारी अंडी धुतात आणि म्हणून शेवटपर्यंत थंडाव्यातच ठेवावी लागतात. युरोपात पहिल्या प्रतीची अंडी साधारणपणे धुवायला बंदी आहे आणि दुकानात ती उघड्या फळीवर मांडलेली दिसतात. म्हणजे माझी आजी युरोपच्या पक्षातली.

अंडं चांगलं की नासकं हे ती दोन प्रकारे बघायची. माजघराच्या कौलांत एक काच बसवलेली होती. दुपारी तिच्यातून कवडसा जमिनीवर पडायचा. त्यात ती मूठ धरायची, मुठीत अंडं, वरचं टोक उघडं. अंधाऱ्या माजघरात ते अंडं आतून पेटल्यासारखं तांबूस दिसायचं. बोथट टोकाची पोकळी चिंचोक्याएवढी असेल तर ताजं, रुपयाएवढी असेल तर आजच्या आज खा. दोरे दिसले तर गर्भ धरलाय. सगळंच काळपट दिसलं तर परसात, लांब, माडाच्या आळ्यात. पाण्यात टाकून बघायची पद्धत तिला येत होती. ताजं तळाशी आडवं पडतं, जुनं उभं राहतं, फार जुनं तरंगतं, कारण आतली ओल कमी होत जाते तशी पोकळी वाढते. पण ती फक्त संशयिताला पाण्यात घालायची. एकदा भिजलेलं अंडं तिच्या हिशेबी मडक्यात परत जायच्या लायकीचं नव्हतं.

खरी पंचाईत व्हायची ती चैत्र-वैशाखात. गावठी कोंबड्यांत कोंबडा फिरत असतोच, त्यामुळे बहुतेक अंडी सजीव. साधारण २१ अंशांच्या खाली अंड्यातला गर्भ निजलेला राहतो. त्यावर तो हळूहळू चाळवायला लागतो, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात रात्रीसुद्धा पारा तितका खाली येत नाही. म्हणजे मडक्यातलं अंडं धड उबतही नाही आणि धड निजतही नाही. असं अंडं पटकन नासतं. जांभ्याच्या जाड भिंती, शेणानं सारवलेली जमीन, त्यामुळे माजघर बाहेरच्यापेक्षा गार असायचं खरं, पण तेवढंच. त्या दोन महिन्यांत आजी अंडी साठवायच्या फंदात पडत नसे. आठवड्याच्या आत खाऊन, देऊन, विकून मोकळी.

देणं-विकणं म्हणजे बाजार नव्हे. वेलदूरची मासेवाली सकाळी टोपली घेऊन यायची. बांगड्यांच्या वाट्याला पैसे द्यायचे की अंडी, हे ओटीवर बसून ठरायचं. घासाघीस कडक व्हायची, कारण दोघींचाही माल टिकाऊ नव्हता. तिला दुपारच्या आत मासे संपवायचे असत आणि आजीला रेघा वाढायच्या आत अंडी. कोंबड्यांचा पैसा घरातल्या बाईचा, पुरुषांनी त्यात बोलायचं नाही, हा आणखी एक अलिखित कायदा. त्या पैशातून बांगड्या भरल्या गेल्या, शाळेच्या वह्या आल्या, आणि देवाच्या राखणीला द्यायचा कोंबडाही घरचाच निघाला. वाडीत कुणी बाळंत झाली की तिच्याकडे एक रेघेची अंडी जायची. आजारी माणसालाही तीच. तीन रेघांची आम्हाला.

आणि मुंबईला. गावातून मुंबईला काय जायचं, तर माणसं, आंबे आणि अंडी. आजीच्या तरुणपणी समोर दाभोळच्या बंदरात मुंबईची आगबोट लागायची. तरीतून खाडी ओलांडायची आणि बोटीत चढायचं. आमच्या आठवणीत एसटी, गुहागरहून चिपळूणमार्गे. चाकरमानी शिमग्याचा परत निघाला की डालडाचा रिकामा डबा पुढे यायचा. तळाला तूस, मग अंडी, मग तूस, मधल्या फटींत पोहे दाबून बसवलेले. मुंबईत अंडी उतरवली की पोहे चाळून खायचे. डबा मांडीवर धरून बसायचा, वर टपावर टाकायचा नाही. कशेडीचा घाट असो की महाडचे खड्डे, मांडीवरचा डबा सहसा दगा देत नसे. लालबाग-परळच्या खोलीत तो डबा उघडला जायचा तेव्हा चाळीतली सगळी पोरं गोळा व्हायची, असं काका सांगायचे. अंडी मुंबईत दुकानातही मिळत होती. पण गावच्या अंड्याच्या बलकाचा रंग दुकानातल्या अंड्याला नाही, हा गिरणगावातल्या प्रत्येक कोकणी माणसाचा वाद, आणि त्यात तथ्य होतं. बलकाचा रंग कोंबडी काय खाते त्यावर ठरतो, आणि आमच्या कोंबड्या दिवसभर हिरवं गवत, किडे आणि मळणीचे सांडलेले दाणे वेचत.

श्रावण आला की हिशेब उलटा व्हायचा. खाणारे बंद आणि कोंबड्या मात्र श्रावण पाळत नाहीत. पण त्यातही निसर्गानं थोडी सोय केलेली असते. पावसाळ्याच्या शेवटी कोंबड्या पिसं झाडतात आणि अंडी कमी करतात. जी येतील ती राखेत. गौरीच्या तिखट्या नैवेद्याला आमच्याकडे कोंबडी लागते, अंडी नाहीत. म्हणून सगळी अंडी गणपती उरकेपर्यंत वाट बघत बसायची. त्या दिवसांत नासलेल्या अंड्यांचं प्रमाणही भलतंच असायचं. हे मुद्दाम सांगतो. स्मरणरंजनात मडकी नेहमी भरलेली असतात आणि अंडी नेहमी ताजी. प्रत्यक्षात भाद्रपदात मडकं उपसताना एखादं अंडं हातात फुटलं की माजघर दुसऱ्या दिवसापर्यंत वसवसायचं. आणि मानमोडी आली की मडकीच ओस पडायची. या रोगाचं कागदोपत्री नाव राणीखेत. १९२० च्या दशकात कुमाऊँतल्या राणीखेतला तो आढळला म्हणून. कोंबड्या माना पिरगाळायच्या, हिरवट हगायच्या आणि दोन-तीन दिवसांत खुराडं रिकामं. आज लसीचा एक थेंब डोळ्यात टाकला की बहुतेक भागतं. तेव्हा आजीकडे फक्त देवाला गाऱ्हाणं होतं.

रवणीची परडी ही मात्र तिची खास विद्या. आठवड्याहून जुनं अंडं परडीत नाही. फार लांबट नको, फार गोल नको, कवच खरबरीत नको. संख्या विषम. परडी रोज एकदा हलकेच फिरवायची. कोंबडी खुडूक बसली, अंगाची पिसं फुलवून कुणालाही चोच मारायला लागली, की रात्री काळोखात तिला रवणीवर ठेवायचं. खाली राख, पेंढा, एक लोखंडी खिळा आणि कोळशाचा तुकडा. विजा कडाडल्या तर अंडी फुकट जातात, त्यावर उपाय. खिळ्यानं विजेचं काय वाकडं होणार, असं शाळेत शिकून आल्यावर आम्ही म्हणायचो, पण खिळा काढायची हिंमत कुणात नव्हती. एकविसाव्या दिवशी कवचावर पहिला टोचा दिसायचा.

१९९२ ला एन्रॉनशी करार झाला आणि अंजनवेल, वेलदूर, रानवीच्या सड्यावर वीजप्रकल्पाचं काम आलं. त्याचं राजकारण सगळ्यांना पाठ आहे. १९९५ ला युती सरकारनं तो रद्द केला, मग पुन्हा बोलणी झाली, मग पुन्हा काम. त्या सगळ्यात आमच्या घरात काय झालं, तर मडकी रिकामी राहू लागली. बाहेरून आलेले कामगार, ठेकेदारांचे मुकादम, गाड्यांचे ड्रायव्हर दारात येऊन अंडी मागायचे आणि मागेल ती किंमत द्यायचे. अंडं टोपलीतून निघालं की थेट गिऱ्हाइकाच्या पिशवीत. रेघा ओढायची वेळच येईना. तीन रेघांची पोळी बंद झाली. १९९९ ला पहिला टप्पा सुरू झाला, २००१ ला प्रकल्प बंद पडला, त्याच वर्षअखेर खुद्द एन्रॉनचं दिवाळं वाजलं. गिऱ्हाईक उठून गेलं आणि अंडी पुन्हा माजघरात साठू लागली. पण तोवर आजी नव्हती आणि मडक्यांत लग्नातली भांडी भरून ठेवलेली होती.

फ्रिज आला तो त्याच सुमारास. नंतरची काही वर्षं भारनियमनाची. बंद पडलेल्या प्रकल्पाच्या चिमण्या घरातून दिसायच्या आणि घरात फ्रिज कपाटासारखा वापरात. २००५ ला प्रकल्प रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नव्या कंपनीकडे गेला, पुढे तिथं द्रवरूप वायूचं बंदर झालं, गावात वीज बऱ्यापैकी टिकू लागली. पण त्या भारनियमनाच्या दिवसांत एक गोष्ट लक्षात आली. फ्रिजमधलं गार अंडं वीज गेल्यावर घामेजतं. तोच ओलावा कवचावरचे जंतू घेऊन छिद्रांतून आत जातो. म्हणजे सारखं आत-बाहेर होणारं अंडं तुसातल्या अंड्यापेक्षा लवकर बिघडू शकतं. फ्रिजला दोष नाही. अखंड गारव्यात न धुतलेलं अंडं महिना-दीड महिना सहज राहतं, जे आजीच्या कुठल्याही मडक्यानं जमवलं नसतं. फक्त अट अशी की गारवा अखंड हवा.

आता गावातल्या दुकानांत ट्रे येतात, तीस-तीस अंड्यांचे, घाटावरून टेंपोनं. पांढरी, एकसारखी, कोंबड्याशिवाय जन्मलेली, त्यामुळे निर्जीव आणि टिकाऊ. डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकारानं १९८२ ला राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली, रोज अंडी खायला सांगणारी हिंदी जाहिरात घरोघरी पोचली, आणि अंड्याचा भाव व्यापाऱ्याच्या मर्जीऐवजी रोज जाहीर व्हायला लागला. आमची गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी घालते, पिंजऱ्यातली तीनशेच्या वर. ही शर्यत कधीच बरोबरीची नव्हती. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू निघाला तेव्हा मात्र काही दिवस उलटं झालं. दुकानातली अंडी पडून आणि लोक दारोदार विचारत, घरची आहेत का. विषाणू घरची आणि दुकानाची असा भेद करत नाही, हे तेव्हा कुणी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतं.

वहिनीनं चार वर्षांपूर्वी पुन्हा कोंबड्या पाळल्या. गोपाळगड आणि दीपगृह बघायला येणारे पर्यटक गुहागरात, आसपासच्या घरगुती मुक्कामांत उतरतात. त्यांना नाश्त्याला गावठी अंडं हवं असतं आणि त्यासाठी दुप्पट-तिप्पट दाम मोजायची तयारी असते. तपकिरी कवच दिसलं की त्यांचं समाधान होतं. कवचाचा रंग निव्वळ जातीवर असतो, पिंजऱ्यातली कोंबडीही तपकिरी अंडी घालते, पण गिऱ्हाइकाला शिकवायच्या भानगडीत वहिनी पडत नाही. तिच्याकडे वनराज आणि ग्रामप्रिया आहेत, थोड्या जुन्या गावठी. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलनं तारीख. फोनवर गट आहे, सकाळी आकडा टाकला की दुपारपर्यंत अंडी संपतात.

मी तिला मडक्यांबद्दल विचारलं. तिनं करून पाहिलं होतं म्हणे. पण तूस आणायचं कुठून? आमची भाताची शेती पड आहे. वाडीतली निम्म्याहून अधिक खाचरं पड आहेत. गावातली भातगिरणी बंद होऊन जमाना झाला, तांदूळ रेशनचा किंवा दुकानाचा. राख म्हणावी तर चूल फक्त आंघोळीच्या पाण्याला, तीही पावसाळ्यात सौरबंब चालत नाही तेव्हा. माजघराची शेणाची जमीन जाऊन फरशी आली, कौलं जाऊन स्लॅब आला. दुपारी त्या खोलीत माणूस बसत नाही, अंडं काय टिकणार. आजीचं अंडं नुसत्या मडक्यात राहत नव्हतं. त्याच्या पाठीशी भाताचं खाचर होतं, पेटती चूल होती, जांभ्याची भिंत होती. यातलं एकेक आम्हीच सोडत गेलो, बरीचशी खुशीनं. चुलीच्या धुरानं आजीचे डोळे गेले होते. ती चूल मला तरी परत नको.

शेतकी पुस्तकांतली चुन्याची निवळी वहिनीला पटली. चुना पाण्यात विरवायचा, खाली बसला की वरचं स्वच्छ पाणी काढून घ्यायचं, त्यात अंडी सोळा-अठरा तास बुडवून ठेवायची आणि सावलीत सुकवायची. चुना छिद्रं बुजवतो, अंडं फ्रिजशिवाय तीन-चार आठवडे राहतं. वीज आठवडाभर गेलेल्या एका वादळानंतर तिनं ते करून ठेवलं आणि अंडी टिकली. पण कवच चुनखडी लागल्यासारखं दिसतं, त्यामुळे पर्यटकाला ती अंडी खपत नाहीत. घरात खावी लागतात.

तिच्या फ्रिजमध्ये तीसेक अंडी रचलेली बघून मी सुचवलं की गावठी कोंबडी खुडूक बसलीच आहे, तर यातलीच पंधरा ठेव की तिच्याखाली, वेगळी कशाला जमवतेस? वहिनीनं जिन्याखालच्या गार कोपऱ्यातली परडी दाखवली. आठवड्याच्या आतली, निवडून ठेवलेली, विषम अंडी. आणि म्हणाली, "भावोजी, फ्रिजातल्या अंड्यांवर बसवलीत तर बसेल बिचारी एकवीस दिवस. पण उठेल ना, तेव्हा आधी तुम्हाला चोच मारेल आणि मग मला."